वचन दिले, आता हिशेब कोण घेणार?

(अभ्यासलेख : कॅनडाचा हवामान कायदा आणि मूलनिवासींचे हक्क)



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतून मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी कॅनडाला गेली आहेत. टोरांटो, मिसिसागा ही नावे आता आपल्या आजीआजोबांच्याही तोंडी रुळली आहेत. फोन आला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकडे थंडी किती आहे?" बर्फाचा देश, हीच आपल्या मनातली कॅनडाची ओळख.

त्याच बर्फाच्या देशात २९ जून २०२१ रोजी लिटन नावाच्या लहानशा गावात पारा ४९.६ अंश सेल्सियसवर गेला. कॅनडात आजवर नोंदलेले हे सर्वाधिक तापमान. हे गाव ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, न्लाकापामुख या मूलनिवासी लोकांच्या पूर्वापार भूमीत वसलेले आहे. दुसऱ्याच दिवशी तेथे वणवा पेटला आणि काही तासांत जवळजवळ सारे गाव जळून गेले. दोघांचा मृत्यू झाला. शेजारच्या मूलनिवासी वस्त्यांतील घरेही आगीत सापडली.

ज्या दिवशी लिटनमध्ये पारा ४९.६ वर होता, त्याच दिवशी, २९ जून २०२१ रोजी, राजधानी ओटावा येथे एका विधेयकाला अंतिम संमती मिळून त्याचा कायदा झाला. हवामानाविषयी सरकार जी उद्दिष्टे जाहीर करते, त्यांचा हिशेब सरकारने संसदेला आणि जनतेला दिलाच पाहिजे, असे सांगणारा तो कायदा. त्याच्या आठच दिवस आधी, २१ जून रोजी, मूलनिवासींच्या हक्कांचा एक वेगळा कायदा मंजूर झाला होता.

हे दोन कायदे आज आपण समजून घेणार आहोत. हा विषय दूरच्या देशाचा असला, तरी त्यातील प्रश्न आपल्या दाराशी उभा आहे : सत्तेवर असलेल्यांनी वचन दिले, तर त्याचा हिशेब कोण घेणार? आणि ते वचन पाळताना ज्यांची जमीन, नदी, जंगल जाणार, त्यांना कोण विचारणार?

वचने आणि त्यांची गत

मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन मुलांचा दाखला आपल्याला पाठ आहे (मत्तय २१ : २८-३१). एकाने मळ्यात जायला नकार दिला, पण नंतर तो गेला. दुसरा बापाला होकार देऊन बसला, पण गेलाच नाही. हवामानाच्या बाबतीत कॅनडाचा इतिहास बरीच वर्षे या दुसऱ्या मुलासारखा होता.

१९९२ साली रिओ येथे वसुंधरा परिषद झाली. हरितगृह वायूंचे, म्हणजे पृथ्वीची उष्णता धरून ठेवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचे उत्सर्जन २००० सालापर्यंत १९९० च्या पातळीवर आणण्याचे तेव्हा ठरले. ते झाले नाही. १९९७ च्या क्योटो करारात कॅनडाने १९९० च्या तुलनेत ६ टक्के घट कबूल केली. उत्सर्जन घटले तर नाहीच, उलट वाढले. २००७ साली विरोधी पक्षाच्या एका खासदाराने मांडलेले विधेयक मंजूर होऊन क्योटो कराराच्या पूर्ततेचा कायदा झाला. सरकारने पूर्ततेची योजना सादर करावी, असे त्यात म्हटले होते. सरकारने कागद सादर केला, पण उद्दिष्ट गाठणार नाही असे त्या कागदातच दिसत होते. एक पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. २००८ साली न्यायालयाने सांगितले की हा प्रश्न संसदेने सोडवायचा आहे, न्यायालयाने नव्हे. २०११ च्या डिसेंबरमध्ये कॅनडा क्योटो करारातूनच बाहेर पडला आणि २०१२ साली तो कायदाही रद्द झाला.

पुढे २०२० साठी २००५ च्या तुलनेत १७ टक्के घटीचे नवे उद्दिष्ट जाहीर झाले. तेही हुकले.

यातून एक धडा मिळतो. केवळ आकडा जाहीर करून भागत नाही. केवळ कायदा करूनही भागत नाही. हिशेब कोणी, केव्हा, कोणापुढे मांडायचा आणि तो कोणी तपासायचा, हे स्पष्ट नसेल तर मोठमोठी वचने हवेत विरून जातात.

२०२१ च्या कायद्यात काय आहे?

आपल्या पतपेढीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. वर्षाच्या सुरुवातीला अंदाजपत्रक ठरते, मध्येच ताळेबंद पाहिला जातो, बाहेरचा हिशेबतपासनीस वह्या तपासतो आणि शेवटी सभासदांपुढे अहवाल वाचला जातो. कॅनडाच्या या कायद्याची रचना साधारण अशीच आहे.

पहिली गोष्ट, २०५० सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे ध्येय कायद्यातच लिहिले आहे. निव्वळ शून्य म्हणजे जेवढे वायू हवेत सोडले जातील तेवढेच जंगले किंवा अन्य मार्गांनी परत शोषले जातील, अशी स्थिती.

दुसरी गोष्ट, वाटेत मैलाचे दगड रोवले आहेत : २०३०, २०३५, २०४० आणि २०४५. २०३० साठी २००५ च्या तुलनेत ४० ते ४५ टक्के घट हे उद्दिष्ट आहे. २०३५ साठी ४५ ते ५० टक्के घटीचे उद्दिष्ट डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले.

तिसरी गोष्ट, प्रत्येक टप्प्यासाठी मंत्र्याने योजना करून ती संसदेपुढे ठेवायची. २०३० ची योजना मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. निवडणुका येतात-जातात आणि २०३० सालाचे उत्तर कोणी दुसरेच सरकार देईल असे म्हणून आजचे सरकार मोकळे होते. म्हणून २०३० च्या टप्प्यासाठी २०२३, २०२५ आणि २०२७ अशा तीन प्रगती अहवालांची अट घातली गेली. शिवाय २०२६ सालासाठी २० टक्के घटीचे मधले लक्ष्यही ठेवले गेले.

चौथी गोष्ट, उद्दिष्ट हुकले तर मंत्र्याने ते का हुकले आणि आता काय करणार, हे लेखी सांगायचे.

पाचवी गोष्ट, तपासनीस. सरकारला सल्ला देण्यासाठी जाणकारांचे मंडळ आहे. याखेरीज महालेखापरीक्षकांच्या कार्यालयातील पर्यावरण आयुक्ताने निदान पाच वर्षांतून एकदा सरकारच्या कामाची तपासणी करून संसदेला अहवाल द्यायचा आहे. नोव्हेंबर २०२३ च्या अहवालात आयुक्तांनी स्पष्ट सांगितले की सरकारची योजना २०३० चे उद्दिष्ट गाठण्यास अपुरी आहे. हे सांगणारा कोणी विरोधी पक्षाचा पुढारी नव्हता. कायद्यानेच नेमून दिलेला तपासनीस होता. या कायद्याचे खरे बळ येथे आहे. सत्य सांगण्याचे काम त्याने कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही.

कायद्याचे दात

आता दुसरी बाजू पाहू. उद्दिष्ट हुकले तर या कायद्यात दंड नाही, शिक्षा नाही. मंत्र्याने कारणे लिहून दिली की कायद्याची अट पूर्ण होते. म्हणून अनेकांनी त्याला दात नसलेला कायदा म्हटले. इंग्लंडमधील २००८ च्या हवामान कायद्याशी तुलना केली की फरक कळतो. तेथे दर पाच वर्षांसाठी उत्सर्जनाची कमाल मर्यादा कायद्याने ठरवली जाते आणि सरकारची योजना त्या मर्यादेला पुरी पडत नसेल तर न्यायालय ती परत पाठवू शकते. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सरकारची योजना अशीच अपुरी ठरवली होती आणि मे २०२४ मध्ये सुधारित योजनेलाही तोच निकाल मिळाला.

कॅनडाचे प्रत्यक्ष आकडे काय सांगतात? २०२३ साली त्या देशाचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ८.५ टक्क्यांनी कमी होते. ज्या देशाला २०२६ साली २० टक्के आणि २०३० साली किमान ४० टक्के घट दाखवायची आहे, त्याने अठरा वर्षांत ८.५ टक्के मजल मारली. एप्रिल २०२५ पासून तर सामान्य ग्राहकांच्या इंधनावरील कार्बन आकारही शून्यावर आणला गेला. महागाईने गांजलेल्या लोकांना तो नको होता, हेही खरे.

मग हा कायदा निरुपयोगी म्हणायचा का? आम्हांला तसे वाटत नाही. पूर्वी उद्दिष्ट हुकले की ते गुपचूप विसरले जात असे. आता ते हुकले की ठरलेल्या तारखेला, लेखी, सर्वांसमोर सांगावे लागते. पतपेढीत तोटा झाला तर हिशेबतपासनीस तो भरून देत नाही. पण अहवाल असल्यामुळे तो लपवता येत नाही. पुढचे काम सभासदांचे. अहवाल ऐकून सभासदच गप्प बसले तर उत्तम तपासनीसही काही करू शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात हीच गोष्ट सांगितली आहे : नागरिकांनी सत्तेवर लक्ष ठेवले नाही, तर पर्यावरणाची हानी आटोक्यात येणार नाही.

चांगल्या कामासाठी कोणाची जमीन?

येथपर्यंत गोष्ट धुराच्या हिशेबाची झाली. पण या हिशेबाला आणखी एक बाजू आहे आणि ती बऱ्याचदा वहीत लिहिलीच जात नाही.

उत्सर्जन कमी करायचे म्हणजे कोळसा आणि तेल सोडून पाणी, वारा आणि सूर्यापासून वीज करायची. बॅटऱ्यांसाठी नवी खनिजे काढायची. हे सारे कोठे होणार? नद्या, डोंगर आणि खनिजे जेथे आहेत तेथे. आणि तेथे बहुतेक ठिकाणी मूलनिवासी राहतात. कॅनडात त्यांचे तीन मोठे समूह आहेत : फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी.

क्वेबेक प्रांतातील जेम्स बे प्रकल्पाचे उदाहरण घ्या. १९७१ साली प्रांताच्या सरकारने उत्तरेकडील नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. त्या नद्यांकाठी क्री आणि इन्युइट लोक पिढ्यान्पिढ्या शिकार आणि मासेमारी करून जगत होते. त्यांना कोणी विचारलेही नाही. ते न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये एका न्यायाधीशांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. आठवड्याभरात वरच्या न्यायालयाने तो बाजूला सारला. पण त्यामुळे सरकारला बोलणी करावी लागली आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये करार झाला. धरणे झाली, वीज आली. ती वीज कोळशाच्या विजेपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. मात्र दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक भूमी पाण्याखाली गेली. बुडालेली झाडेझुडपे पाण्यात कुजू लागली, त्यातून पाऱ्याचे विषारी रूप तयार झाले आणि ते माशांत उतरले. जे मासे क्री लोकांचे रोजचे अन्न होते, ते जपून खा, असे त्यांना सांगण्याची वेळ आली. ज्यांनी हवा कधी फारशी बिघडवली नव्हती, त्यांच्या ताटात स्वच्छ विजेची किंमत वाढली गेली.

आणि गंमत पाहा, हवामानबदलाचा पहिला फटकाही त्यांनाच बसतो. उत्तर ध्रुवाजवळील इन्युइट लोकांचे सारे जीवन बर्फावर उभे आहे. बर्फ हाच त्यांचा रस्ता, बर्फ हीच शिकारीची जागा. २००५ च्या डिसेंबरमध्ये शीला वॉट-क्लूटिये या इन्युइट महिला नेत्याने अमेरिकेच्या उत्सर्जनामुळे आपल्या लोकांच्या मानवी हक्कांचा भंग होत आहे, अशी याचिका आंतरअमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे दाखल केली. आयोगाने ती पुढे चालवली नाही. पण हवामानाचा प्रश्न हा माणसांच्या हक्कांचाही प्रश्न आहे, हे जगाला ऐकावे लागले. २०२० साली ब्रिटिश कोलंबियातील वेट्सुवेटेन लोकांच्या दोन घराण्यांनी कॅनडा सरकारविरुद्ध दावा दाखल केला : सरकारची हवामान धोरणे अपुरी आहेत आणि त्यामुळे आमच्या जीविताचा हक्क धोक्यात येतो. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला होता. डिसेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने त्याचा महत्त्वाचा भाग पुढे चालवण्यास परवानगी दिली.

म्हणजे मूलनिवासी दोन्ही बाजूंनी भरडले जातात. सरकारने काही केले नाही तर हवामान त्यांना मारते. सरकारने त्यांना न विचारता काही केले तर तो उपायच त्यांना मारतो.

नाबोथचा मळा

जुन्या करारातील नाबोथची गोष्ट (१ राजे, अध्याय २१) या ठिकाणी आठवते. अहाब राजाला नाबोथचा द्राक्षमळा हवा होता. कशासाठी? भाजीपाल्याची बाग करण्यासाठी. हेतू वाईट नव्हता. राजाने मोबदलाही देऊ केला : याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. आजच्या भाषेत पुनर्वसनाचे पॅकेजच ते! पण नाबोथने नकार दिला. तो मळा त्याच्या वाडवडिलांचा वारसा होता. विकायची वस्तू नव्हती. पुढे ईजबेल राणीने काय केले, खोटे साक्षीदार कसे उभे राहिले आणि नाबोथचा जीव कसा घेतला गेला, हे आपण जाणतो. मग हिशेब मागायला एलिया संदेष्टा राजासमोर आला.

या एका कथेत आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत. नाबोथला 'नाही' म्हणण्याचा हक्क होता. आणि राजाला जाब विचारणारा कोणी असणे गरजेचे होते. पहिला हक्क पायदळी तुडवला गेला, म्हणून दुसऱ्याची वेळ आली.

ऐकून घेणे आणि संमती घेणे

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. १४४ देश बाजूने होते, भारतही त्यांत होता. विरोधात चारच देश होते आणि त्यांत एक कॅनडा होता. मूलनिवासींच्या भूमीवर परिणाम करणारे काम करण्यापूर्वी, दडपण न आणता आणि पूर्ण माहिती देऊन त्यांची संमती मिळवावी, हे या जाहीरनाम्यातील महत्त्वाचे तत्त्व आहे.

हा जाहीरनामा तयार करण्यात वर्षानुवर्षे राबलेल्यांपैकी एक म्हणजे क्री समाजातील रोमिओ सगनाश. लहानपणी त्यांना घरापासून तोडून निवासी शाळेत ठेवले गेले होते. पुढे ते खासदार झाले आणि जाहीरनाम्याला कॅनडाच्या कायद्यात स्थान देणारे विधेयक त्यांनी मांडले. लोकसभेसारख्या तेथील कनिष्ठ सभागृहात ते मंजूर झाले, पण २०१९ साली वरिष्ठ सभागृहात ते अडकून पडले. अखेर सरकारनेच नवे विधेयक आणले आणि २१ जून २०२१ रोजी त्याचा कायदा झाला. २००७ साली 'नाही' म्हणणारा मुलगा चौदा वर्षांनी मळ्यात गेला म्हणायचा.

आठ दिवसांनी आलेल्या हवामान कायद्यातही या जाहीरनाम्याचा उल्लेख आहे. उद्दिष्ट ठरवताना मूलनिवासींचे ज्ञान विचारात घ्यावे, योजना करताना जाहीरनामा विचारात घ्यावा आणि त्यांना आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे तो सांगतो. राज्यघटनेने दिलेल्या त्यांच्या हक्कांना या कायद्यामुळे बाधा येणार नाही, असेही त्यात आहे.

हे चांगलेच आहे. पण शब्द नीट वाचा. 'विचारात घ्यावे' आणि 'संधी द्यावी' म्हणजे संमती घ्यावी असे नव्हे. घरात लग्न ठरवताना मुलीला "तुला काय वाटते?" असे विचारणे वेगळे आणि तिने 'नको' म्हटले तर ते स्थळ सोडून देणे वेगळे. पहिल्यात सौजन्य आहे, दुसऱ्यात हक्क आहे. जून २०२५ मध्ये कॅनडाने राष्ट्रहिताचे मोठे प्रकल्प जलद मार्गी लावण्याचा आणखी एक कायदा केला, तेव्हा पुरेशी सल्लामसलत झाली नाही म्हणून अनेक मूलनिवासी नेत्यांनी विरोध केला आणि काही फर्स्ट नेशन्स न्यायालयात गेले. घाई झाली की सर्वांत आधी काय गळते, हे यावरून दिसते.

विचारून काम केले तर काय होते, तेही पाहू. ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागात दूरदूरच्या मूलनिवासी वस्त्या विजेसाठी डिझेल जाळत असत. तेथे सुमारे १,८०० किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांचे जाळे उभारले गेले, सतरा दुर्गम वस्त्यांना जोडण्यासाठी. या कंपनीतील ५१ टक्के मालकी चोवीस फर्स्ट नेशन्सची मिळून आहे. धूरही कमी झाला आणि मालकीही त्यांच्याच हातात राहिली. एक दुसऱ्याच्या आड येते असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आपल्या ख्रिस्तसभेचाही हिशेब

सरकारकडे हिशेब मागताना आपल्याला आपल्या घरातही डोकावले पाहिजे. कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना आईवडिलांपासून दूर करून निवासी शाळांत ठेवले गेले. त्यांची भाषा, त्यांचे संस्कार पुसून टाकणे हा त्या धोरणाचा हेतू होता. शाळा सरकारच्या धोरणाने चालत, पण त्यांतील बऱ्याच शाळा कॅथलिक संस्था चालवीत होत्या. अनेक मुले परत घरी आलीच नाहीत.

२५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस अल्बर्टा प्रांतातील मास्कवासिस येथे गेले आणि मूलनिवासींची त्यांच्याच भूमीवर क्षमा मागितली. त्या वेळी त्यांचे वय ८५ वर्षांचे होते आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते चाकांच्या खुर्चीत होते. पुढे ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने आणखी एक पाऊल उचलले. पंधराव्या शतकातील काही पोपपत्रांचा आधार घेऊन, ख्रिस्ती राजांनी 'शोधलेली' भूमी त्यांचीच होते, असा जो सिद्धान्त वसाहतवाद्यांनी वापरला, तो आपण नाकारतो, असे व्हॅटिकनने जाहीर केले.

बंधूभगिनींनो, ही गोष्ट सांगताना मान खाली जाते. पण ती सांगितलीच पाहिजे. ज्याने स्वतःचा हिशेब दिला, त्यालाच दुसऱ्याकडे हिशेब मागण्याचा अधिकार पोहोचतो. 'लाऊदातो सी' मध्ये मूलनिवासी समाजांविषयी पोप फ्रान्सिस यांनी लिहिले आहे, की त्यांच्या भूमीवर मोठे प्रकल्प येत असतील तर संवादात त्यांना मुख्य स्थान असले पाहिजे. कारण त्यांच्या दृष्टीने भूमी म्हणजे विकायचा माल नाही. ती देवाची देणगी आणि पूर्वजांची विश्रांतीची जागा आहे. नाबोथही हेच सांगत होता.

आपल्याकडे काय?

भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत २०७० सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. या वचनाचा ठरलेल्या तारखांना संसदेपुढे हिशेब मांडायला लावणारा कॅनडासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मार्च २०२४ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्षी आणि वीजवाहिन्यांच्या प्रकरणात म्हटले, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा राज्यघटनेतील समानतेच्या आणि जीविताच्या हक्कांतून निघणारा नागरिकांचा हक्क आहे.

संमतीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला मोठे स्थान दिले. त्याच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ओडिशातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी की नको, हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. बारा गावांच्या सभा झाल्या. डोंगरिया कोंढ आदिवासी उभे राहिले. बाराही सभांनी 'नाही' म्हटले आणि खाण झाली नाही. आपल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या काही गावांपैकी एक ठरले. तेथील ग्रामसभा आपल्या जंगलाचा कारभार स्वतः पाहते.

पालघरच्या डोंगरपट्ट्यातील वारली, कोकणा, कातकरी बांधव आपल्या बाजारात रानभाज्या घेऊन येतात, आपल्या वाडीत कामाला येतात. उद्या त्यांच्या जमिनीवर एखादा 'हिरवा' प्रकल्प येणार असेल, तर त्याची वीज आपल्या घरातही येईल. त्या वेळी ग्रामसभा झाली का, तिला पूर्ण माहिती मिळाली का, तिचा नकार मानला गेला का, हे विचारण्याची जबाबदारी आपलीही आहे. आपल्या दिव्याखाली कोणाचा अंधार आहे, हे आपण पाहिले पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. कॅनडाच्या कायद्यातही लागू झाल्यापासून पाच वर्षांनी त्याचा संसदीय फेरआढावा सुरू करण्याची तरतूद आहे. म्हणजे त्या कायद्याला दात बसवायची संधी तेथील नागरिकांना आहे. त्या नागरिकांत आता आपलीही काही मुले आहेत. पुढच्या वेळी फोन आला की थंडीबरोबर एवढेही विचारा : "तुमच्या खासदाराने हिशेब दिला का? आणि ज्यांची जमीन आहे, त्यांना विचारले का?"

तोच प्रश्न आपण आपल्या खासदाराला, आपल्या पंचायतीला आणि स्वतःला विचारू या.

विभागवार बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात किंवा धर्मग्रामात दिलेले एखादे सार्वजनिक वचन आठवा. ते पाळले गेले का, हे आपल्याला कसे कळले? कोणी हिशेब मांडला होता का?

२. 'ऐकून घेणे' आणि 'संमती घेणे' यांतील फरक आपल्या कुटुंबातील एका उदाहरणावरून सांगा.

३. १ राजे, अध्याय २१ एकत्र वाचा. अहाबाचा हेतू बागेचा होता, तरी त्याची चूक नेमकी कोठे झाली?

४. आपल्या परिसरातील आदिवासी पाड्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? पुढील बैठकीपूर्वी त्यांपैकी एका पाड्याला भेट देऊन, काही देण्यासाठी नव्हे तर त्यांचे ऐकण्यासाठी, कोण कोण जाऊ शकेल?